आबांच्या ओल्या शेणी

आमच्या सासऱ्यांना कोल्हापुरात करमावं म्हणून मी काय काय केलं, ते सांगायला बसले तर माझंच डोकं दुखायला लागेल. कळंब्याच्या तलावावर सकाळी फिरायला पाठवलं, तर म्हणाले, "पाण्याभोवती गोल फिरून परत तिथंच यायचं, तर निघायचं कशाला?" ज्येष्ठ नागरिकांच्या हास्यक्लबात नाव घातलं. पहिल्याच दिवशी अर्ध्यातून परत. "कुणी काय बोलंना, नुसतीच हसाय लागलीती. येडी हायत." देवळात कीर्तनाला धाडलं, तर बुवा चुकतोय म्हणून मध्येच उठून आले. बुवाला तसं सांगून आले, हे मला नंतर शेजारणीकडून कळलं.

सासऱ्यांचं नाव आकाराम. आम्ही त्यांना आबा म्हणतो. शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापूरचे. सारा जन्म एसटी चालवण्यात गेला. सासूबाई गेल्यावर ते मलकापुरात एकटेच राहत होते. एक दिवस परसात चक्कर येऊन पडले, आणि शेजारची बाई लिंबं मागायला आली म्हणून कळलं तरी. मग सम्राट, म्हणजे माझा नवरा, गाडी घेऊन गेला आणि त्यांना आमच्या कळंब्याच्या फ्लॅटवर घेऊन आला. येताना त्यांनी ड्युटीवर न्यायची ती रेक्झिनची बॅग तेवढी आणली. ती कॉटखाली सरकवली. त्यातले कपडे काढून कपाटात लावा म्हणून मी किती वेळा सांगितलं असेल. नाही. कपडे धुऊन वाळले की घडी करून परत बॅगेत. आणि दर आठवड्याला एकदा तरी ऐकायचं, "सोमवारी जातो मी."

कुठं जातो? त्या रिकाम्या घरात, पुन्हा परसात पडायला. मला धडकी भरायची आणि त्याहून जास्त राग यायचा. अख्खी एक खोली दिली, बिनसाखरेचा चहा वेगळा, भाकरी ज्वारीचीच, टीव्हीचा रिमोट त्यांच्याच हातात. तरी माणूस आपला स्टँडवर गाडी लागायची वाट बघत बसल्यासारखा. सम्राटला बोलले, तर तो म्हणायचा, "न्हाय रमत तर काय करायचं?" एमआयडीसीतल्या कंपनीत शिफ्ट करून आलेला माणूस याहून जास्त काही बोलत नाही. मी सकाळी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला जायचे ते मनात धाकधूक घेऊन. घरी परतले की आधी वाकून कॉटखाली बघायचे, बॅग आहे का.

होळीच्या आधीच्या रविवारी आमच्या कॉलनीत मंडळाचा टेम्पो आला. कोल्हापुरात ही रीतच आहे. होळी लहान करायची आणि शेणी, म्हणजे इतर ठिकाणी ज्यांना गोवऱ्या म्हणतात त्या, गोळा करून स्मशानभूमीला द्यायच्या. टेम्पोच्या पुढं झुंबरबाई चालत होती. मागच्या गल्लीत तिचा म्हशींचा गोठा आहे. वय साठीच्या पुढचं, आवाज टेम्पोच्या हॉर्नपेक्षा मोठा. मंडळाचा अध्यक्ष दुसराच कोणी आहे, पण तोही तिला विचारून शिंकतो.

"शेणी असल्या तर द्या, नसल्या तर इकत घिऊन द्या!" ती खालून ओरडली. "मयताचं काम हाय, नुसतं बाल्कनीतनं बघू नका!"

आबा बनियनवरच खाली गेले आणि दुपार टळून गेल्यावर परतले. अंगभर शेणाचा भुगा, आणि तोंडावर मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलेला उत्साह. जेवताना म्हणाले, "चिमणीला ह्यांच्यातल्याच कुणीतरी दिल्या असतील."

 चिमणाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या पुराच्या वर्षी गेल्या, कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात. बाहेर मुसळधार पाऊस, रत्नागिरी रस्त्यावर पाणी, मलकापूरला न्यायची सोयच नव्हती. पंचगंगेकाठची स्मशानभूमी पाण्यात गेलेली, म्हणून गावाबाहेर दुसरीकडं नेलं. आम्ही घरचेच तेवढे. ना भाऊबंद, ना गल्ली. तेवढ्यात कुठल्याशा मंडळाचे लोक ताडपत्रीखाली शेणी घेऊन आले. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. सगळं रचून दिलं आणि पुढच्या मयताला निघून गेले. त्या दिवशीचं आबांचं एकच वाक्य मला आठवतं. हातात एक शेणी घेऊन ते म्हणाले होते, "एवढ्या पावसात ह्या कोरड्या ठणठणीत कशा ओ?" उत्तर द्यायला कोणी थांबलं नव्हतं.

तर आता त्यांच्या डोक्यात एकच बसलं. त्या शेणी फेडायच्या.

मी म्हटलं, बरं झालं. माणूस कशात तरी गुंतला. विकत घेऊ, टेम्पोत टाकू, चार माणसांत ओळख होईल. पण आमचे आबा सरळ रस्त्यानं जातील तर ना. "इकत घिऊन दिल्या तर ते काय फेडणं झालं? हातानं केल्या पायजेत." आणि एका संध्याकाळी मी दवाखान्यातून घरी येते तर अपार्टमेंटच्या कंपाउंडच्या भिंतीवर, अगदी नव्या पांढऱ्या रंगावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत शेणी! खाली रंगाच्या रिकाम्या बादलीत झुंबरबाईच्या गोठ्यातलं शेण, आणि बाजूला हात कोपरापर्यंत बरबटलेले आबा.

"कशा झाल्यात?" त्यांनी मलाच विचारलं.

माझं माहेर कुरुंदवाडचं. दारात म्हशी. शाळेला जायच्या आधी शेण काढायचं, थापायचं, मग आंघोळ. तरी वर्गातल्या मुली नाक दाबायच्या. लग्न ठरवायला मंडळी बसली तेव्हा माझी एकच अट होती, घरात जनावर नको. म्हणून तर हा कळंब्यातला फ्लॅट, हा दवाखाना, ही इस्त्रीची साडी. मी शेणात हात घालून मोठी झाले, हे इथं कुणालाही माहीत नव्हतं आणि कळूही द्यायचं नव्हतं. आणि सासरेबुवांनी शेण थेट माझ्या दारात आणून ठेवलं!

त्यात आणखी संताप कशाचा, तर त्यांनी ते धड केलंही नव्हतं. एका नजरेत दिसत होतं. उशीएवढ्या जाड शेणी, आत भुशाचा कण नाही, आणि भिंत कुठली निवडली, तर सावलीची. घरात शेणाचं काम कायम सासूबाईंनीच केलेलं. हे आपले गाडी घेऊन रत्नागिरीला. मी तोंडावर आलेलं गिळलं आणि "छान" म्हणून जिना चढले. बाल्कनीतून रोज बघायचे आणि रोज दातओठ खायचे.

व्हायचं तेच झालं. सोसायटीची मीटिंग लागली. कोणी वासावर बोललं, कोणी माश्यांवर, कोणी रंगावर. मी आबांच्या बाजूनं अशी काही भांडले की माझाच घसा बसला. रंग आम्ही देऊ, माश्या काय आमच्या पाळीव आहेत का, वगैरे. शेवटी चेअरमन सम्मेद उपाध्ये उठले. खतांचं दुकान आहे त्यांचं, जैन माणूस, बोलणं मऊ.

"काका, वासाचं आम्ही सोसू," ते म्हणाले. "काम पुण्याचंच आहे. पण तुमच्या शेणींत किडे झालेत. माझ्या आईनं दाखवले मला. त्या तुम्ही जाळायला देणार. एवढे जीव त्यात जाणार, ते आम्हाला नाही हो बघवत."

भांडायच्या तयारीनं आलेले आबा हे ऐकून उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः सगळ्या शेणी उचकटल्या, भिंत घासून धुतली आणि बादली घेऊन झुंबरबाईच्या गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत गेले. तिथं पुन्हा नव्यानं, पुन्हा तशाच जाड, पुन्हा बिनभुशाच्या. मी घरी त्यांच्यावर ओरडले, जेवणावरून, अंगाच्या वासावरून, जिन्यातल्या डागांवरून. खरं ओरडायचं होतं ते भुशावरून. ते काही तोंडातून निघालं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्याच, "स्वप्नाली, कसला तरी वास येतोय का गं?" मी म्हटलं, "ड्रेनेजचा असेल, मॅडम."

आबांची तक्रार मात्र वेगळीच. "मला खुर्ची देती ती," एक दिवस चहा पिताना म्हणाले.

"कोण?"

"झुंबरबाई. बाकी समद्यांस्नी शिव्या घालती. टेम्पो हिकडं लाव, ती पाटी उचल, मेल्या दिसत न्हाय का तुला. आनि मला काय म्हणती? पावणं, बसा. पावणं, च्या घ्या." आणि पुढचं इतक्या हळू म्हणाले की मला कप धुणं थांबवावं लागलं. "पावण्यानं कवातरी जायाचंच असतंय की."

एप्रिलमध्ये मंडळाचा टेम्पो पुन्हा भरायचा होता. आबांनी आपल्या शेणी पाट्यांत रचून ठेवल्या, वर धुतलेला पंचा झाकला. मी बाल्कनीत होते. तिथून गोठ्याचं अंगण दिसतं. झुंबरबाईनं एक शेणी उचलली आणि कडकन मोडायला गेली. ती मोडलीच नाही, वाकली. तिनं ती हातानं फाडली. आत हिरवं ओलं शेण.

सगळे बघत होते. मला वाटलं, आता ही बाई गल्ली डोक्यावर घेणार. तिनं आवाजसुद्धा चढवला नाही. "पावणं, ह्या वल्या हायत. ऱ्हाऊ द्या ह्या खेपेला. तुमी बसा की खुर्चीवर." ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

आबा घरी आले, हात धुतले आणि कॉटखालची बॅग बाहेर ओढली. पंचा घडी करून वर ठेवला. या वेळी ते "जातो" म्हणाले नाहीत. सम्राटला फक्त विचारलं, "सोमवारची पयली गाडी अजून तीच हाय न्हवं?" मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तिला कोरड्या मिळाल्या. आनि मी दुसऱ्याच्या मयताला वल्या द्यायला निघालतो. वल्या शेणीवर माणूस जळत न्हाय, स्वप्नाली."

सम्राट म्हणाला, "जाऊ दे त्यांना. कुठवर धरून ठेवायचं?"

माझं डोकं फिरलं. कोणाकोणावर चिडू ते मला कळेना. सम्राटवर, झुंबरबाईवर, त्या खुर्चीवर, का सगळं दिसत असून बाल्कनीत उभ्या राहणाऱ्या बाईवर. मला हा माणूस जायला नको होता. कटकट्या, हट्टी, भिंत घाण करणारा, पण माझ्या घरातला. दुसऱ्या दिवशी रविवार. मी सकाळी तडक गोठ्यावर गेले.

"त्यांना पावणं का म्हणता तुम्ही?" मी दारातूनच सुरुवात केली.

झुंबरबाई धार काढत होती. तिनं मान वळवली नाही. "मग काय म्हणू? काम येत न्हाय त्या माणसाला. काम येत नसंल तर शिवी घालून काय उपेग? काम येणाऱ्याला मी शिव्या घालती."

"मग शिकवायचं!"

"मी? मला म्हशी हायत, मंडळ हाय, दोन सुना हायत. तू शिकीव की. सून न्हवं त्यांची?" मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं, साडीकडं, मग हातांकडं. "व्हय गं, कुठली तू?"

"कुरुंदवाडची."

"म्हशी हुत्या?"

मी पदर खोचला, बांगड्या वर सरकवल्या आणि कोपऱ्यातल्या पोत्यातून भुसा उपसला. किती वर्षांनी शेणात हात घातला, पण हात काही विसरले नव्हते. याचाही रागच आला. गोळा मळला, थापला, पातळ केला, कडा दाबल्या. झुंबरबाई धार सोडून उभी राहिली होती. "अगं बाई," एवढंच म्हणाली.

घरी फोन करून सम्राटला सांगितलं, आबांना खाली पाठव. ते आले ते पायांत वहाणा घालून, प्रवासाला निघाल्यासारखे. समोर मी, कोपरापर्यंत बरबटलेली, आणि उन्हात ओळीनं चपट्या शेणी. त्यांनी एक बोटानं दाबून बघितली. मग दुसरी. आणि असे काही भडकले म्हणता!

"तुला येतंय? आनि इतकं दिवस वरनं बघत हुतीस? मी भिताड घाण करतोय, किडं पडल्यात, चार माणसांत माझी शोभा झाली, आनि तू आपली छान म्हणून वर गेलीस?"

"व्हय, गेले!" माझाही आवाज चढला. माहेरची बोली आपोआप तोंडात आली. "मला न्हवतं परत शेणात हात घालायचा! म्हणून तर आले हिथं! तुमच्यापायी घातला!"

"मग घातलास तर नीट सांग की! भुसा किती?"

"आधी वहाणा काढा!"

गोठ्याच्या दारात बघ्यांची गर्दी झाली होती. आमच्या बिल्डिंगचेही होते त्यात. सम्मेदभाऊंच्या आई पुढं होत्या. आबांनी वहाणा काढल्या आणि उकिडवे बसले. त्यांचा पहिला गोळा बघून मी कपाळाला हात लावणार होते, वेळेवर आठवलं.

सोमवारी ते गेले नाहीत. "शिकंपतूर ऱ्हातो," म्हणाले, जणू माझ्यावरच उपकार. त्यानंतर माझ्या रविवारांचं जे काही झालं ते विचारू नका. मेच्या उन्हात तिथं उभं राहून सांगायचं, पातळ करा, उलटायला विसरू नका, दोन-दोन एकमेकींना टेकून उभ्या करा. त्यांनी दर वेळी विचारायचं, "असंच का? तसं का न्हाय?" दवाखान्यात एक पेशंट काउंटरवर येऊन मोठ्यानं म्हणाला, "तुमी आकारामच्या सून न्हवं? शेणी लावायच्या त्या?" डॉक्टरीणबाईंनी दार उघडून बघितलं. मी म्हटलं, "व्हय. बसा. नाव सांगा." एवढी वर्षं कळंब्यात राहून मला कोणी नावानं ओळखत नव्हतं. ओळखलं, तर हे असं.

मेच्या अखेरीस टेम्पो पुन्हा लागला. झुंबरबाईनं आबांच्या पाटीतली शेणी उचलली आणि मोडली. कडकन आवाज झाला, बाल्कनीपर्यंत. तिनं तुकडे पाटीत फेकले आणि ओरडली, "ए आकाराम! बघत काय उभारलाईस? चढीव की वर! का त्याला बी सुनंला बोलावू?"

आबांनी पाटी उचलली. ती खुर्ची त्या दिवशी कुणी बाहेर काढलीच नाही.

संध्याकाळी ते घरी आले, आंघोळ केली, कॉटवर बसले. मी चहा ठेवला. "फिटलं बघ," ते म्हणाले. चेहरा हलका झालेला. मग पाय हलवता हलवता त्यांची टाच बॅगेला लागली. "आता जायाला हरकत न्हाय. सोमवारी..."

मी चहाचा कप त्यांच्यापुढं आदळला. एवढं शेण तुडवलं ते काय माणसाला गाडीत बसवून द्यायला? माझ्या तोंडून जे निघालं ते ठरवून निघालं नव्हतं.

"फिटलं कसं? तुम्ही उन्हाळ्यात दिल्या. उन्हाळ्यात कोणीही देईल. आईंना पावसात मिळाल्या होत्या."

त्यांनी पाय हलवायचे थांबवले.

"त्या कोरड्या कशा, म्हणून तुम्हीच विचारलं होतं ना? कुणीतरी हुडवा रचून ठेवला होता. शेणींची रास करायची, वरून शेणानं लिंपून घ्यायची, मग पाऊस आत जात नाही. येतो तुम्हाला रचायला?"

आबांनी कपाला हात लावला नाही. चहा गार झाला. मग म्हणाले, "आमच्या परड्यात असायचा. ती रचायची. मी कवा बघितलंच न्हाय, गं." आणि बॅग पायानं आत सरकवली. "कवा शिकवतीस?"

"बघू," मी म्हटलं. "मला काय तेवढंच काम आहे का?"

हुडवा रचणं म्हणजे एका दुपारचं काम. माझी आई बोलता बोलता रचायची. मी मात्र सलग तीन रविवार झाले, आबांना खालचाच थर शिकवतेय. आभाळ भरून यायला लागलंय, लोक विचारतात, अजून झालं कसं नाही. परवा आबांनी थर अगदी बरोबर लावला. एकही फट नाही. आता मला काही सुचेना, काय चुकलं म्हणून सांगू. तेवढ्यात मागून झुंबरबाई आली. तिनं हुडव्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पायानं ढकलून अख्खा थर पाडला.

"ए आकाराम, वाकडं लावलंयस समदं! काढ, पुन्हा लाव!"

आबा तिच्यावर असे काही ओरडले की म्हशी उठून उभ्या राहिल्या. ती त्यांच्या दुप्पट ओरडली. मग दोघंही माझ्यावर ओरडले, मी नीट शिकवत नाही म्हणून. मी पदर खोचला आणि पुन्हा खालच्या थराला बसले. हाही रविवार गेला माझा.